ज्या कायद्याशी घासाघीस केली नाही

शिक्षणखात्याच्या साहेबांनी मला फसवलं. मुलींसाठी वेगळी सरकारी शाळा ठेवणं आता कायद्यात बसत नाही, असं त्यांनी भरसभेत सांगितलं. ते खोटं होतं. मी ते खरं धरलं, आणि मी खरं धरलं म्हणून पेठेतल्या आईबापांनीही धरलं. त्यात तबस्सुम नावाच्या मुलीची शाळा गेली. खरं तर सांगायचं ते एवढंच. पण एवढ्यावर थांबले तर संपादक म्हणतील, बाई, पानं कोण भरणार? म्हणून जरा मागून सुरू करते.

शाळेचं नाव लिहीत नाही आणि साहेबांचंही नाही. संपादकांनी हात जोडले. शाळा पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठांत आहे, एवढं पुरे. साहेब दिवाळी अंक वाचत असतील तर त्यांना स्वतःची ओळख पटेलच.

माझा धंदा मुली पोचवण्याचा. आता शाळेच्या गाड्या सगळीकडे झाल्या, पण मी सुरुवात केली तेव्हा पेठेत हे काम पायी चालायचं. गल्लीतली एखादी विश्वासाची बाई सकाळी दारोदार जायची, पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची आणि दुपारी घरी आणायची. मी फक्त मुली घ्यायचे. नवरा होता, पण त्याला हिशेबात धरू नका. मी धरलं नाही. आधी पायी, मग एक जुनी रिक्षा, मग गाडी, मग आणखी गाड्या. सगळं याच कामातून उभं केलं, आणि कुणाच्या चिठ्ठीवर नाही.

कामाचे नियम माझे मीच केले. गल्लीत मुलीला नावाने हाक मारायची नाही. माझ्याकडे सायकलची एक घंटी होती, ती दोनदा वाजवायची. मुलीला कळतं, टवाळांना कळत नाही. मुलगी दारातून घ्यायची तर घरातल्या माणसाच्या हातून माझ्या हातात आणि शाळेच्या दारात माझ्या हातून शिपाईबाईंच्या हातात. मधला रस्ता माझा. एकदा एका मोटारसायकलवाल्याने शीळ घातली, तर त्याची किल्ली काढून मी गटारात टाकली होती. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला रागावल्या. कारण सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं. पण यापुढे शाळा सुटल्यावर टाकत जा."

पण पोचवणं हा या धंद्यातला सोपा भाग. अवघड भाग मे महिन्यात असायचा.

लोक भाव पाडायला घासाघीस करतात, मी चढवायला करायचे. आणि हा भाव इयत्तेचा असायचा. बाप म्हणायचा सातवी, मी म्हणायचे दहावी, आणि मग आम्ही उंबऱ्यावर बसायचो. निकालाच्या दिवशी या गोष्टीला हात घालायचा नाही, कारण त्या दिवशी मुलगी पास झालेली असते आणि बापाला वाटतं, झालं की काम. मेच्या शेवटी जायचं, गणवेशाचं कापड शिवायला टाकायच्या आधी. पहिल्या शब्दाला कधी हो म्हणायचं नाही, दुसऱ्यालाही नाही. चहा आला तर प्यायचा, पण अर्धा ठेवायचा. कप रिकामा झाला की माणूस उठतो.

वंदनाचे वडील धनराजभाऊ यवतमाळकडचे. लाकडाच्या वखारीवर रखवालदार होते. माणूस सरळ, पण ऐकायचा नाही.

"सातवी झाली ना जी ताई. आता पुरे झालं."

"पुरे कसं? दहावी करा."

"दहावी! पोट्टी मोठी झाली."

"मोठी झाली म्हणूनच म्हणते. लहान असती तर म्हटलं असतं, खेळू द्या."

"गावाकडं लोकं हासतात ना."

"गाव यवतमाळला राहिलं. इथे कोण हसतंय? मी हसते का?"

ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुमी तर नाही हासत जी. तुमी कधीच नाही हासत." मग जरा वेळाने, "बरं. आठवी."

"भात शिजत आला की चूल विझवता का तुम्ही?"

"नववी."

"धनराजभाऊ, नववीपर्यंत नेऊन दहावीला घरी बसवायची, तर माझा रोजचा फेरा कशाला फुकट घालवता?"

शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला, जो सगळे बाप शेवटी विचारतात. "शाळेत पोट्टे नाहीत ना?"

"पोट्टे सोडा. आमच्या शाळेत घंटासुद्धा बाई वाजवते."

या उत्तरावर मी अनेक वर्षं धंदा केला. हिंदू असो, मुसलमान असो, पेठेतला असो की कालच गाडीतून उतरलेला. शेवटचा प्रश्न तोच आणि माझं उत्तरही तेच. ठरलं की मी त्याच दिवशी कापड घेऊन शिंप्याकडे जायचे आणि सांगायचे, सलवारीला चार बोटं दुमड ठेव. म्हणजे मुलगी वाढली की उसवून लांब करता येते. पण खरं कारण वेगळं होतं. वर्षभराने बापाचं मन फिरायला लागलं की मी त्याला ती दुमड दाखवायचे. "बघा, अजून दोन वर्षांचं कापड आत आहे. वाया घालवायचं?" मुलीचं शिक्षण वाया गेलेलं पुष्कळांना चालतं, कापड गेलेलं चालत नाही. वंदनाची दुमड दोनदा उसवली. ती आता सदाशिव पेठेत वकिली करते.

आता त्या शाळेबद्दल सांगते, म्हणजे काय गेलं ते कळेल.

दारातून आत गेलं की उजव्या भिंतीला लाकडी खुंट्यांची लांब रांग होती. कधीकाळी छत्र्यांसाठी ठोकल्या असतील. मुली आत आल्या की ओढण्या, बुरखे, स्वेटर, जे काही बाहेरचं असेल ते तिथे अडकवायच्या. शाळेचा तसा नियम नव्हता. मोठ्या मुली करायच्या, म्हणून लहान मुली करायच्या. रस्त्याने माझ्यामागे मान खाली घालून आलेली मुलगी खुंटीजवळ थांबायची, ओढणी अडकवायची आणि एकदम धावत सुटायची. मी आणलेली मुलगी ती हीच का, असं वाटायचं. एवढा आवाज करायच्या की पलीकडच्या इमारतीतले लोक तक्रार घेऊन यायचे. मोठ्या बाई त्यांना म्हणायच्या, "मुली आहेत, आवाज करणार. बाहेर करू देता का त्यांना?"

पाण्याच्या टाकीवर चढायच्या. खो-खोत एकमेकींना ढकलून पाडायच्या. घामाने भिजून, केस सुटून, दात दाखवत हसायच्या. दुपारी घंटा झाली की पुन्हा खुंटीपाशी येऊन ओढणी सारखी करायच्या, आणि माझ्या मागे रांगेत परत त्याच सकाळच्या मुली उभ्या राहायच्या. त्या दोन मुलींमध्ये फक्त एक खुंटी होती.

रांगेतली शेवटची खुंटी सैल होती, म्हणून तिच्यावर कुणी काही लावत नसे. तिच्यावर मी माझी पिशवी अडकवायचे. घरी जाऊन परत येण्यात वेळ जायचा, म्हणून मी पडवीतच बसून राहायचे. मी मांजरी गावची. आमच्याकडे चौथीच्या पुढे शाळा होती ती नावाला सगळ्यांची. पुढे बाकांवर मुलं, मागे चटईवर आम्ही तिघी. पुढे दोघी झालो, मग मी एकटी. वडील वाईट नव्हते. उसाला पाणी धरता धरता म्हणाले, "आता बास झालं. तू एकली पोरांत बसती, बरं दिसतं व्हय?" मला त्यांचा राग येतो आणि येतही नाही. माझ्यासाठी उंबऱ्यावर येऊन बसणारं कुणी नव्हतं, एवढंच. तर त्या पडवीत बसून मी सातवीपर्यंतचा भूगोल ऐकला. परीक्षा कुणी घेतली नाही, त्यामुळे पास की नापास ते माहीत नाही. पण एकदा वर्गात कुणालाच गोदावरीच्या उपनद्या सांगता येईनात, तेव्हा मी बाहेरून ओरडून सांगितल्या. वर्ग हसला आणि मोठ्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "हजेरी लावू का तुमची?" लावा म्हणायला हवं होतं. अजून वाटतं.

तबस्सुमचे वडील युनूसभाई पत्र्याच्या पेट्या बनवतात. खाली दुकान, वर घर. तीन पिढ्या पुण्यात. मराठी माझ्याहून शुद्ध. त्यांच्याशी घासाघीस करायला मजा यायची, कारण ते स्वतः पक्के होते. तबस्सुमची सातवी झाली तेव्हा मी गेले, तर हातातलं काम न थांबवता म्हणाले, "या. चहा सांगतो. अर्धा पिणार की पूर्ण?"

त्यांची अडचण त्यांची स्वतःची नव्हती. त्यांची आई होती, थोरले भाऊ होते. घरातली कुठलीच मुलगी आठवीत गेलेली नव्हती. "ताई, मला चार जणांना उत्तर द्यायचंय. मी काय सांगू?"

"सांगा, मुलींचीच शाळा आहे."

"आज आहे. उद्या?"

"उद्याही."

"दहावीपर्यंत?"

"तबस्सुम दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत आत मुलगा दिसणार नाही. माझा शब्द."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समोरच्या पेटीवर हातोडी एकदा ठण्णकन वाजवली. सौदा ठरला की ते असंच करायचे, गिऱ्हाईक कुणीही असो. वरच्या गॅलरीतून तबस्सुम वाकून बघत होती. हातोडी वाजली तशी ती आत पळाली आणि आतून मोठा आवाज आला. काहीतरी सांडलं असावं. युनूसभाई म्हणाले, "पातेलं सांडणाऱ्या मुलीला दहावी करताय, बघा बुवा."

मुलगी हुशार होती. बापाला पत्र्यावर रेघ मारताना बघत वाढलेली. वहीत भूमितीच्या आकृत्या अशा काढायची की मोठ्या बाई इतर वर्गांत नेऊन दाखवायच्या. मला एकदा गाडीत म्हणाली, "मावशी, मी मोठी झाले की इमारतींचे आराखडे काढणार. पहिली तुमची."

"माझी कसली इमारत?"

"गाड्या लावायला हवी ना जागा. रस्त्यावर लावता, लोक शिव्या देतात."

नववीचं वर्ष संपत आलं आणि सभेचा निरोप आला. सगळ्या पालकांनी यावं. मी पालक नव्हे, पण मला न बोलावता सभा झाली तर पालक येत नाहीत, हे शाळेला माहीत होतं. अर्धे बाप मीच गाडीत घालून आणले.

खात्याचे साहेब आले होते. तरुण, नीटस, बोलायला गोड. म्हणाले, शेजारच्या गल्लीतली मुलांची शाळा आणि ही शाळा जूनपासून एक होणार. कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "पण ही मुलींची शाळा आहे." साहेब हसले. "ते आता चालत नाही. सरकारी शाळेत मुलगा-मुलगी भेद करता येत नाही. मुलींची वेगळी सरकारी शाळा ठेवणं कायद्यात बसत नाही. समानतेचा कायदा आहे."

मी उभी राहिले. घासाघीस करायला मला कधी कुणी शिकवावं लागलं नाही. म्हटलं, "साहेब, एक वर्ष थांबा. दहावीत जाणाऱ्या मुली बाहेर पडू द्या, मग करा एक. किंवा एवढ्या मुलींची वेळ वेगळी ठेवा, सकाळची. एक वर्षाचा प्रश्न आहे."

"मावशी," साहेब म्हणाले, "हा भाजीबाजार नाही. कायदा आहे. कायद्यात घासाघीस नसते."

सभा हसली. पालक हसले, माझ्या गाडीतून आलेले बापसुद्धा. आणि मी खाली बसले.

इथे माझा स्वभाव सांगायला हवा. मी कुणाशीही भांडते. रिक्षा सोडवायला हवालदाराशी भांडले आहे, गल्लीतल्या नगरसेवकाशी भांडले आहे, लग्नात विहिणीशी भांडले आहे. पण माझी आई सांगायची, तीन ठिकाणी भाव करायचा नसतो: देवापाशी, मरणापाशी आणि कायद्यापाशी. तो माणूस 'कायदा' म्हणाला आणि माझी जीभ आपोआप टाळूला लागली. दुसरा कुठलाही शब्द वापरला असता, 'वरून सांगितलंय' किंवा 'खर्च परवडत नाही', तरी मी संध्याकाळपर्यंत त्याला सोडलं नसतं. त्यांनी बरोबर तोच शब्द काढला. मी बसले म्हटल्यावर मागे कोण उठणार? युनूसभाई माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. कायदा आहे, काय करणार.

जूनमध्ये मुलं आली. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. बिचारी आमच्या मुलींना बघून लाजली होती; पहिले काही दिवस भिंतीला चिकटून चालायची. माझा नातू अशाच एकत्र शाळेत जातो, त्याला मुलींशी नीट बोलता येतं, मला ते आवडतं. पुष्कळ मुलीही नव्या शाळेत रुळल्या. पण खुंट्या रिकाम्या झाल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकाही मुलीने ओढणी काढून अडकवली नाही. सकाळी रांगेत यायच्या आणि तशाच वर्गात जायच्या. आठवडाभराने तिथे मुलांची दप्तरं लटकायला लागली. शाळेत आवाज होताच, पण तो मुलांचा. टाकीवर मुलं चढली.

तबस्सुम आलीच नाही. मी दोनदा घंटी वाजवली. युनूसभाई बाहेर आले.

"ताई, वर या."

वर त्यांची आई बसली होती. युनूसभाईच बोलले. "दहावीला एक वर्ष राहिलंय, हे मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"मग पाठवा."

"तुम्ही शब्द दिला होता."

"कायदा आला, युनूसभाई. माझ्या हातात काय होतं?"

"तुमच्यावर राग नाही. कायद्यापुढे तुम्ही काय करणार आणि मी काय करणार! पण मी या घरात तुमच्या शब्दावर माझा शब्द दिला होता. तो मोडून घरातल्या धाकट्या मुलींसाठी दार कायमचं बंद करू का? एक मोडला की दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मी तीन तास बसले. दोन चहा अर्धे ठेवले. शेवटी त्यांना बाहेरून परीक्षा देण्यापर्यंत आणलं: सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेला तेवढं जायचं. ते हो म्हणाले. पण हातोडी वाजवली नाही. उतरताना जिन्यात तबस्सुम होती. म्हणाली, "मला मुलांचं काही नाही हो, मावशी. माझं माझं मी बघितलं असतं."

"माहीत आहे."

"मग कायद्याने मला का नाही विचारलं?"

मी जिना उतरून खाली आले.

पुढे काही महिन्यांनी माझी एक गाडी चुकीच्या ठिकाणी उभी होती म्हणून उचलून नेली, त्यासाठी मी वंदनाकडे गेले. दवाखान्याच्या वर तिची एक खोली आहे, त्यातही एक दुसरी वकीलबाई भागीदार. गाडीचं बोलणं झाल्यावर मी सहज शाळेचं सांगितलं. म्हणजे सहज नाही, मी ते सगळ्यांना सांगत होते.

वंदना म्हणाली, "थांबा, मावशी. कुठला कायदा?"

"मला काय माहीत कुठला! समानतेचा. कायदा आला ना."

"असा कायदा आलेला नाही."

"साहेब खोटं बोलतील?"

तिने टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग तिने मला समजेल असं सांगितलं, तेच इथे लिहिते, कारण आणखी कुणाला उपयोग होईल. संविधानाचं पंधरावं कलम म्हणतं, सरकारने स्त्री-पुरुष म्हणून भेदभाव करायचा नाही. तेच कलम पुढे म्हणतं की, स्त्रियांसाठी आणि बालकांसाठी सरकारला खास सोय करता येईल. म्हणजे मुलींसाठी वेगळी सरकारी शाळा चालवणं बेकायदा नाही. फक्त मुलांची सरकारी शाळा असेल आणि तिने मुलीला दार बंद केलं, तर त्या शाळेला उत्तर द्यावं लागेल. शिक्षणहक्काच्या कायद्यातही मुलींच्या शाळा बंद करा असं कुठे म्हटलेलं नाही. पण ठेवाच, असंही कुठे नाही. ठेवायची की एक करायची, ते खातं ठरवतं. त्याला धोरण म्हणतात.

"म्हणजे साहेबांना एक वर्ष थांबता आलं असतं?"

"आलं असतं."

"सकाळची वेळ वेगळी करता आली असती?"

"कदाचित. निदान मागता तरी आलं असतं. मावशी, ते ठरवणं त्यांच्या हातात होतं. म्हणजे घासाघीस करता येण्यासारखं होतं."

"आता कोर्टात जाऊ?"

"जाता येईल. कोर्ट विचारेल, शाळा आहे ना? मुलीला नाकारलं कुणी? वडिलांनी. मग सरकारने काय केलं?" ती उठून खिडकीशी गेली. "तुम्ही माझ्या बाबांशी किती वेळ बसला होतात, आठवतं? मी दाराआड होते. ते नववीवर आले तेव्हा मला वाटलं, आता ही बाई उठणार. नाही उठलात."

मी घरी गेले नाही, तिथून थेट साहेबांकडे गेले. त्यांची बढती झाली होती, खोली मोठी होती. ओळखलं मला, खुर्ची दिली.

"साहेब, तो कायदा कुठला होता?"

त्यांना आठवायला वेळ लागला. मग म्हणाले, "अहो मावशी, कायदा म्हणजे धोरण हो. सर्वसामान्य माणसाला फरक कळत नाही, म्हणून सोपं करून सांगितलं. शाळेचा पट घटला होता, दोन इमारती परवडत नव्हत्या."

"पट घटला म्हणाला असतात, तर मी घरोघर फिरून मुली आणल्या असत्या. तो माझा धंदा आहे."

"एकत्र शिक्षण चांगलंच असतं की."

"असेल. तेही सांगायचं होतं. युनूसभाईंशी तसं बोलायचं होतं. तो माणूस ऐकतो. मी ऐकवलंय त्याला. दोन चहांचा प्रश्न होता."

"आता झालं ते झालं," ते म्हणाले. "आपण चहा घेणार?"

आयुष्यात पहिल्यांदा मी चहाला नाही म्हटलं.

माझ्या गाड्या आता जास्त करून हिंजवडीच्या कंपन्यांतल्या लोकांची मुलं पोचवतात. जावई बघतो. आया फोनवर गाडी कुठे आली ते बघत असतात, आणि मी सांगेन त्या पहिल्या शब्दाला हो म्हणतात. त्यात काही मजा नाही. कुणी उंबऱ्यावर बसवत नाही. मेचा शेवट आला की माझा जीव अजून खालीवर होतो, आणि मग आठवतं, आता कुठे जायचं नाही.

पेठेतली एक गाडी मात्र मी स्वतः बसल्याशिवाय सोडत नाही. ती पेट्यांच्या दुकानावरून जाते. तबस्सुम रोज गॅलरीत असते, हातात दहावीचं पुस्तक. मी घंटी वाजवत नाही. तो अधिकार माझा राहिला नाही. तिची निळी कमीज आणि सलवार दोरीवर वाळत दिसते कधीकधी. घरी घालत असेल. चार बोटांची दुमड अजून तशीच आहे, शिवलेली. परवा गाडी गर्दीत अडली, तेव्हा ती वरून वाकली. आधी आसपास बघितलं, मग हळू विचारलं, "मावशी, खुंट्या आहेत का अजून?"

"आहेत," मी म्हटलं. "तुझी रिकामी आहे."

हे खोटं होतं. तिच्यावर कुणाचं तरी दप्तर असतं.

साहेब, मला कोर्ट नको, चौकशी नको, तुमची माफी तर मुळीच नको. मला तुम्ही त्या दुकानात हवे आहात. युनूसभाईंच्या समोर उभं राहून एक वाक्य म्हणायचं: कायदा नव्हता, मी ठरवलं. आणि मग वर बघून तेच त्या मुलीला सांगायचं, कारण तिचा प्रश्न अजून तसाच आहे आणि तो कायद्याला नाही, तुम्हाला आहे. रस्ता माहीत नसेल तर काळजी करू नका. मी मुली पोचवल्या, तुम्हालाही पोचवीन, दारातून दारात. सकाळी तुमच्या घराखाली दोनदा घंटी वाजेल. तयार राहा. मी वाट बघत थांबते, आणि एकदा बसले की लवकर उठत नाही, हे आता तुम्हाला कळलंच आहे.